व्याह्यांच्या घड्याळाचे ओरखडे

रेवणप्पा बोळेगावे यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला तो एकदाच, आणि त्या एकदाचंच हे सगळं रामायण. आता हात लावला म्हणजे चोरी केली असं कुणी समजू नका. लातुरात भूकंपग्रस्तांच्या घरांच्या फायली ज्या हापिसात चालायच्या तिथं हा माणूस हेडक्लार्क होता, आणि आलेल्या माणसाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. एकानं टेबलावर दोन पेरू ठेवले तर मागं धावत जाऊन जिन्यावर परत केले. असा माणूस. पण देव अशाच माणसाच्या घरी व्याह्याचं सोन्याचं घड्याळ विसरायला लावतो.

व्याही म्हणजे उदगीरचे गुरुबसप्पा. मोंढ्यात धान्याची आडत, बोलणं कमी, मिशा जास्त. रेवणप्पांची सिंधु त्यांच्या घरी दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला लातूरला आलेली होती, मुलगा झाला, आणि बारशाला गुरुबसप्पा जीप भरून माणसं घेऊन आले. जेवणाआधी अंघोळ केली, पूजा केली, त्यासाठी मनगटावरचं घड्याळ काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं, आणि संध्याकाळी तसेच उदगीरला निघून गेले. पोचल्यावर फोन आला.

"इवाई, माझं घड्याळ तिथं राहिलं का बघा बरं."

"हाय, हाय. कोनाड्यात हाय."

"असू द्या मग. पुढल्या ऐतवारी सिंधूला न्यायला येतो, तवा घेतो. जरा जपा म्हणजे झालं."

दुसऱ्या कुणी 'जरा जपा' म्हटलं असतं तर रेवणप्पा विसरूनही गेले असते. पण गुरुबसप्पांच्या तोंडून ते आलं आणि रेवणप्पांच्या घशात माशाच्या काट्यागत अडकलं, आणि मासा तर त्यांच्या घरात सात पिढ्यांत शिजला नव्हता. कारण असं की, सिंधूच्या लग्नात रेवणप्पांनी जावयाला घड्याळ दिलं होतं. सोनेरी. 'सोन्याचं' असं ते कधीच म्हणाले नव्हते, ही गोष्ट ते आजही शपथेवर सांगतील. पण देताना गुरुजींनी मांडवात मोठ्यानं 'सोन्याचं घड्याळ' म्हणून पुकारलं, आणि त्या वेळी उठून 'नव्हं हो, सोन्याचं पाणी दिलेलं हाय' असं सांगायला कुठल्या मुलीच्या बापाची जीभ रेटेल? सहा महिन्यांत उदगीरच्या उन्हात पाणी उतरलं. तेव्हापासून सिंधूला सासरी काही चुकलं, की भाकरी करपली तरी, सासू नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. बोलायची नाही. सिंधूनं हे एकदाच आईला सांगितलं होतं, आणि आईनं रोज रेवणप्पांना.

तर आता कळलं का, घड्याळ किती जड होतं ते? रेवणप्पांनी ते कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं. किल्ली जानव्याला बांधली असती, पण लिंगायताच्या गळ्यात जानवं कुठून येणार. म्हणून ती बनियनच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टीपिन लावली. तीन दिवस सगळं ठीक चाललं. चौथ्या दिवशी, म्हणजे बुधवारी सकाळी, ते ठीक आहे का बघायला त्यांनी लॉकर उघडला.

जुनं घड्याळ. कातडी पट्टा, पण डबी अस्सल सोन्याची, चावीचं, हातात घेतलं की गार आणि भारी. रेवणप्पा ते कानाला लावून ऐकत राहिले. मग नुसतं मनगटावर ठेवून बघितलं. मग पट्टा लावून बघितला. मग हात लांब करून आरशात बघितला. चोवीस वर्षं नोकरी केली, कधी स्वतःला एक बरी वस्तू घेतली नाही, एक दिवस घातलं तर कुणाचं काय जातंय, असं त्यांच्या मनात आलं. बायको, नीलाबाई, चूल सोडून बाहेर यायच्या आत बाही खाली ओढून ते घराबाहेर पडले.

आणि हापिसात काय झालं? काहीसुद्धा नाही! रेवणप्पांनी दिवसभर डाव्या हातानं शिक्के मारले. डाव्या हातानं पाणी प्यायले. शिपायाला दोनदा विचारलं, "किती वाजले असतील रे?" आणि स्वतःच मनगट वर केलं. एका माणसानं बघितलं नाही. जुनं, मळलं, बारीक रेघारेघांनी भरलेलं सोनं पितळेसारखंच दिसतं, हे लक्षात आल्यावर त्यांना व्याह्यांची थोडी कीवही आली. एवढं सोनं आणि रुबाब काही नाही.

तीन वाजता शेजारच्या प्लॉटवर बोअर पाडायची गाडी आली आणि जमिनीत धाड् धाड् सुरू झालं. भूकंपाला चार वर्षं झाली होती, पण लातूरकरांच्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. "हालतंय! हालतंय!" कोण ओरडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सबंध हापीस जिन्यावरून खाली. खालचं चॅनेल गेट अर्धंच उघडलेलं, त्यातून साठ माणसं एकदम. रेवणप्पांनी जिवाच्या आकांतानं डावा हात पुढं काढला आणि खर्र असा आवाज झाला. बाहेर लिंबाखाली सगळे एकमेकांना मोजत होते. सगळे शाबूत होते. रेवणप्पा मनगटाकडे बघत खालीच बसले.

डबीच्या कडेवर दोन ओरखडे. एक बोटाच्या पेराएवढा, दुसरा त्याहून धाकटा. खोल नव्हते, पण ताजे होते, आणि ताजा ओरखडा लांबूनही ओरडतो.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की सरळ. काय सांगायचं? 'इवाई, तुम्ही जपा म्हणालात, म्हणून मी घालून मिरवलं' असं? आधीच ज्याच्या नावानं उदगीरच्या घरात घड्याळाकडे बघतात, त्यानं हे सांगायचं? सिंधु रविवारी त्याच घरी जायची होती, मांडीवर पोर घेऊन. घड्याळजीकडे न्यावं, तर गंजगोलाईच्या बाजारातले घड्याळजी उदगीरच्या प्रत्येक आडत्याला ओळखतात. तेव्हा जे काय करायचं ते घरीच करायचं, रविवारच्या आत, आणि कुणाला कळू न देता करायचं, असं रेवणप्पांनी ठरवलं.

कुणाला कळू न देता म्हणून ते थेट शेजारच्या भागवत सरांकडे गेले. भागवत सर केमिस्ट्रीच्या शिकवण्या घ्यायचे. गच्चीवर पत्र्याचं शेड, पहाटे पाचपासून बॅचा, गल्लीत सायकलींमुळे म्हशीला जायला वाट नाही. सर चांगला माणूस, पण पोरांना पर्याय देऊन देऊन त्यांचं बोलणंच तसं झालं होतं. बायकोनं भाजी विचारली तरी चार पर्याय सांगायचे.

"सर, एका स्नेह्याच्या सोन्याला बारीक ओरखडे पडले. घरच्या घरी जातील का हो?"

"सोनं किती कॅरेट? असू द्या. पर्याय अ, टूथपेस्ट. ब, रांगोळी. क, चिंच. ड, यांपैकी नाही."

"मग बरोबर कोणतं?"

"तुम्ही सांगा."

"मला कसं कळणार सर?"

"अंदाजानं मारू नका. चुकीला मार्क कापतात." एवढं बोलून सर पुढच्या बॅचला वर निघून गेले. जिन्यावरून मात्र ओरडून म्हणाले, "बोळेगावे, तुमच्या स्नेह्यांना सांगा, अ!" ते त्या गल्लीतल्या सगळ्या खोल्यांनी ऐकलं.

रेवणप्पांनी न्हाणीघराची कडी लावून टूथपेस्ट चोळली. लवंगेची होती. ओरखडा थोडा पुसट झाला आणि पेस्ट काचेच्या कडेच्या फटीत जाऊन बसली. ती काडीनं काढताना तिथं तिसरी रेघ उठली. ओल्या फडक्यानं पुसलं तर काचेवर आतून वाफ धरल्याचा भास झाला. खरंच धरली की डोळ्यांत पाणी आलं, हे ठरवेपर्यंत दारावर थाप पडली.

"आवं, पाऊण घंटा झाला. काय करून राहिलात आत?" नीलाबाई.

"दात घासून राहिलो."

"संध्याकाळी सातला?"

दार उघडावं लागलं. नीलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि घडलेलं सगळं पदर खोचायच्या आत ओळखलं. रेवणप्पांना वाटलं, आता आरडाओरडा होईल. पण त्या हळूच म्हणाल्या, "चोवीस वर्षं माझं मंगळसूत्र काळं पडून राहिलंय, त्याला कधी फडकं लावलं न्हाई. अन् इवायाच्या घड्याळाला पेस्ट?" मग त्यांच्या लक्षात पुढचं आलं आणि त्या पाटावर बसल्या. "माझ्या लेकीला आता जलमभर ऐकावं लागतंय, बघा." रेवणप्पांना त्यापेक्षा आरडाओरडा परवडला असता.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि बोटांकडे बघता बघता त्यांना सुचलं. विभूती! श्रीशैलहून आणलेली पांढरी वडी. पिठापेक्षा मऊ. रोज कपाळावर चोळतो, कातडीला ओरखडा नाही, म्हणजे सोन्याला कुठून येणार? शिवाय पवित्र. रेवणप्पांनी देवाला हात जोडून परवानगी मागितली, देवानं नाही म्हटलं नाही, आणि तिथंच पाटावर बसून मऊ फडक्यावर विभूती घेऊन त्यांनी अंगठ्यानं घासायला सुरुवात केली.

गेला की हो! धाकटा ओरखडा तासाभरात गेला. थोरलाही पुसट झाला. रेवणप्पांना रडू यायचंच बाकी होतं. फक्त एक झालं. जिथं घासलं तेवढी जागा लख्ख झाली, आणि बाकीची डबी तिच्याशेजारी मळकट दिसायला लागली. म्हणून शेजारची जागा घासली. मग तिच्या शेजारची. शुक्रवारी सगळी कड झाली, तर पाठ काळी दिसायला लागली. शनिवारी सुट्टी टाकून पाठ घासली. सिंधु दारातून म्हणाली, "अप्पा, तुम्ही एवढी पूजा कधीपासून करायला लागलात?" आणि पोराला घेऊन त्यांच्या पाया पडवलं. नातवाचं डोकं पायाला लागलं तेव्हा रेवणप्पांच्या मांडीखाली घड्याळ होतं. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की आशीर्वाद देताना त्यांनी 'सुखी भव'च्या ऐवजी 'माफ कर' म्हटलं.

रविवारी गुरुबसप्पा आले. चहा झाला, नातवाला मांडीवर घेऊन झालं. मग म्हणाले, "बरं, घड्याळ."

रेवणप्पांनी ताटलीत नवं फडकं, फडक्यावर घड्याळ, असं समोर ठेवलं. खिडकीतून ऊन पडलं होतं. घड्याळ असं चमकलं की पोरानं मूठ पुढं केली. गुरुबसप्पांनी ते उचललं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि ताटलीत परत ठेवलं.

"हे माझं न्हाई."

 नीलाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"तुमचंच हाय इवाई," रेवणप्पा म्हणाले.

"माझ्या घड्याळावर बोट ठेवायला जागा नव्हती, एवढ्या रेघा. हे कालच दुकानातून आल्यावानी दिसून राहिलंय. माझं कुठं हाय?"

सिंधूचा चेहरा पांढरा पडला. ती बापाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विश्वास होता की भीती, हे रेवणप्पांना कळेना. चोवीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस, पण घड्याळ तेच आहे याचा पुरावा कुठून आणायचा? लग्नात पाणी दिलेलं घड्याळ देणाऱ्यानं आता अस्सल सोनं बदलून घेतलं, ही गोष्ट उदगीरला पोचायला एक एस्टी पुरली असती. शेवटी गुरुबसप्पाच उठले. "चला. खाजामियाँकडं चला. त्यानं माझं घड्याळ चार बार उघडलंय."

खाजामियाँ म्हणजे गंजगोलाईतले म्हातारे घड्याळजी. रविवार असून दुकान उघडं होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पातळ सुरीनं डबीची पाठ उघडली आणि झाकण आतून उजेडाकडे धरलं.

"बोलो गुरुबसप्पासेठ, काय बघायचं?"

"हे माझंच हाय का?"

"आपलंच. हे बघा, आतून बारीक अक्षरं. आम्ही घड्याळजी लोक उघडलं की आत सुईनं तारीख कोरून ठेवतो, पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं म्हणून. चार तारखा, चारी माझ्या हाताच्या. पहिली तर तुमच्या वडिलांच्या, वालिदसाहेबांच्या वेळची." मग त्यांनी नाक जवळ नेलं. "पण याला लौंगचा वास का येतोय?"

 चार दिवसांत पहिल्यांदा रेवणप्पा ताठ बसले. तेवढ्यात गुरुबसप्पा त्यांच्याकडे वळले.

"म्हणजे घड्याळ माझंच. मग रेघा कुठं गेल्या?"

याचं उत्तर खाजामियाँकडे नव्हतं. रेवणप्पांकडे होतं. भर बाजारात, स्टुलावर बसून, त्यांनी ते सांगितलं. सगळं. आरसा, बाही, चॅनेल गेट, पेस्ट, विभूती. "एक दिवस घातलं इवाई. मिरवावं वाटलं. कुणी बघितलं बी न्हाई. मला लई लाज वाटून राहिली. पण सिंधूला काही बोलू नका. तिला यातलं काहीच ठाऊक न्हाई."

 गुरुबसप्पा डबीच्या कडेवर अंगठा फिरवत म्हणाले, "इथं एक आडवी रेघ होती. बापाच्या धान्य तोलायच्या काट्याच्या साखळीची. रोज बोट लागायचं तिला." रेवणप्पांना वाटलं, यापेक्षा चोर ठरलो असतो तर बरं झालं असतं.

"घालायचं होतं तर मागायचं ना! मी न्हाई म्हणलो असतो का?" गुरुबसप्पा एकदम चढले. "अन् आता हे मी कसं घालू? तुरीचा सीझन हाय. उद्या हे चमकवत गादीवर बसलो, की शेतकरी काय म्हणतील? म्हणतील, यंदा आडत्यानं आपल्याला कापलं अन् सोनं केलं! जुन्या सोन्याला इज्जत असती इवाई. नव्या सोन्याचा हिशेब मागतात लोक."

हे रेवणप्पांच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. "मग काय करू? घासून घासून परत रेघा पाडू?"

"यप्पा! मुद्दाम पाडलेल्या रेघा लगेच दिसतात." गुरुबसप्पांनी रेवणप्पांचा डावा हात ओढला, त्याच्यावर घड्याळ बांधलं आणि पट्टा घट्ट केला. "तुम्हीच घाला. रोज घाला. आपोआप रेघा पडू द्या. जुनं दिसायला लागलं की मी घेऊन जातो. न्हाई घातलं तर मला राग येईल, सांगून ठेवतो."

सिंधु संध्याकाळच्या गाडीनं सासरी गेली. आठ दिवसांनी तिचा फोन आला; सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या. "अप्पा, मामा सगळ्या मोंढ्यात सांगून राहिलेत, माझं घड्याळ माझ्या इवायाच्या हातात हाय म्हणून. अन् आत्या आता भिंतीकडं बघत न्हाईत." नीलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. रेवणप्पांनीही ठेवली असती, पण ते त्या वेळी घाईत होते.

कारण हापिसात आता सगळ्यांना घड्याळ दिसायला लागलं होतं. शिपायानं बघितलं. रोकड सांभाळणाऱ्या नाझरानं बघितलं. घराच्या फायलीसाठी आलेली माणसं फायल सोडून मनगट बघायची. रेवणप्पांनी बाही ओढली तर लोक जास्तच बघायचे. भूकंपाच्या फायली बघणाऱ्या कारकुनाच्या हातात कोरं करकरीत सोनं! पंधराव्या दिवशी निनावी अर्ज आला. सोळाव्या दिवशी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ज्यानं दोन पेरू परत केले, त्याच्याकडे. रेवणप्पांनी टेबलापाशी बसून तीन कागद लिहून फाडले. खोटं काही सुचेना, म्हणून चौथ्यावर त्यांनी खरं लिहिलं:

'सदर घड्याळ माझे व्याही यांचे मालकीचे असून, त्यावर नैसर्गिकरीत्या ओरखडे पाडण्याकरिता ते माझ्या ताब्यात दिलेले आहे. सबब माझ्याविरुद्धचा अर्ज दप्तरी दाखल व्हावा, ही विनंती.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "बोळेगावे, पंधरा दिवसांत एक तरी पडला का?"

"न्हाई साहेब. हात कशाला लागू देण्याचा धीरच होत न्हाई."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, रेवणप्पांकडे बघितलं, हसू आवरायला खोकला काढला, आणि अर्जाच्या समासात हिरव्या शाईनं शेरा मारला: 'खुलासा पाहिला. पहिला ओरखडा पडताच अहवाल सादर करावा. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित.'